माणूस आपल्या मर्जीने वागतो काय?

चिंच. हिरवी, करकरीत, मिठाचा खडा लावलेली चिंच.

विद्यार्थिमित्रांनो, वरची ओळ वाचताना तुमच्या तोंडाला पाणी सुटले असेल. निदान जिभेच्या कडा तरी शिवशिवल्या असतील. वास्तविक समोर चिंच नाही. आहेत ती कागदावरची चार काळी अक्षरे. लाळ सोडावी असे तुम्ही ठरवलेही नव्हते. ज्याने जन्मात चिंच चाखलेली नाही, अशा दूरदेशीच्या एखाद्या मुलासमोर हाच शब्द उच्चारून पाहा. त्याच्या तोंडाला काहीही होणार नाही. तेव्हा ही लाळ जन्मजात नव्हे, ती शिकलेली आहे. मात्र आपण ती कधी आणि कोणाकडून शिकलो, हे आपल्याला सांगता येत नाही.

इथपर्यंत कोणाची तक्रार असणार नाही. लाळेचे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. पण आता पुढचा प्रश्न ऐका. आज सकाळी तुम्ही अभ्यासाला बसलात, किंवा बसला नाहीत. काल मैत्रिणीशी अबोला धरलात. दहावीनंतर विज्ञान शाखेला जायचे की वाणिज्य, हे मनाशी पक्के केलेत. ही सगळी कामे 'मी माझ्या मर्जीने केली' असे आपण म्हणतो. ही मर्जीसुद्धा चिंचेच्या लाळेसारखीच, आपल्या नकळत कोणी तरी किंवा कशाने तरी शिकवलेली असेल तर?

विसाव्या शतकात मानसशास्त्राच्या एका पंथाने हा प्रश्न गंभीरपणे विचारला आणि त्याचे उत्तर छातीठोकपणे 'होय, तसेच आहे' असे दिले. या पंथाला वर्तनवाद म्हणतात.

या कथेची सुरुवात रशियात होते. इव्हान पाव्हलॉव्ह हा मूळचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पचनसंस्थेवरील संशोधनासाठी त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या गालाला लहानसे छिद्र पाडून, नळीवाटे येणारी लाळ तो थेंबाथेंबाने मोजत असे. त्याच्या लक्षात आले की, अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न आणणारा माणूस दिसताच कुत्र्यांना लाळ सुटते. दुसऱ्या एखाद्याने ही कटकट समजून नोकर बदलला असता. पाव्हलॉव्हने पचनाचा नाद मागे टाकून या आगाऊ लाळेचाच पाठपुरावा केला. अन्नापूर्वी ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. त्याची घंटा जगप्रसिद्ध झाली आहे. प्रत्यक्षात त्याने टक्‌टक् करणारा मेट्रोनोम, दिवे, त्वचेला होणारा स्पर्श अशी नाना साधने वापरली. या प्रकारच्या शिकण्याला अभिसंधान असे नाव आहे. आवाज हा उद्दीपक, लाळ हा प्रतिसाद.

१९१३ साली अमेरिकेत जॉन वॉटसन याने एक निबंध लिहून मानसशास्त्रज्ञांना खडसावले. मनात काय चालले आहे ते डोळे मिटून न्याहाळायचे आणि वर्णन करायचे, याला शास्त्र कसे म्हणायचे? तुमच्या मनात मला डोकावता येत नाही, माझ्या मनात तुम्हाला. दिसते, मोजता येते ते फक्त वर्तन. तेव्हा अभ्यास वर्तनाचाच करावा. यात तथ्य होते, आणि आजही प्रयोगशाळेत काम करणारा कोणताही मानसशास्त्रज्ञ, स्वतःला वर्तनवादी म्हणवून न घेताही, ही शिस्त पाळतो. परंतु वॉटसन तेथे थांबला नाही. धडधाकट अर्भके आणि वाढवण्यासाठी हवी तशी परिस्थिती माझ्या हाती द्या. त्यांतले हवे ते मूल मी डॉक्टर, वकील किंवा चोरही बनवून दाखवतो, अशी प्रौढी त्याने मिरवली. आपण पुराव्याच्या पुढे जाऊन बोलत आहोत, हे त्याने त्याच ठिकाणी कबूलही केले होते. पण कबुली लोक विसरले आणि प्रौढी तेवढी लक्षात राहिली.

वॉटसन आणि त्याची सहकारी रोझाली रेनर यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर वाचवत नाही. सुमारे अकरा महिन्यांचे एक बाळ पांढऱ्या उंदराशी निर्धास्तपणे खेळत असे. बाळाने उंदराकडे हात नेला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडीचा घाव घालून मोठा आवाज करायचा. थोड्याच वेळा असे केल्यावर बाळ उंदीर दिसताच रडू लागले. पुढे सशाला आणि केसाळ कोटालाही भिऊ लागले. ही भीती काढून टाकण्यापूर्वीच बाळ तेथून गेले. आज असा प्रयोग करण्याची परवानगी कोणतीही संस्था देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

या पंथाचा खरा शिल्पकार मात्र बी. एफ. स्किनर. तो १९०४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका लहान गावात जन्मला. त्याला व्हायचे होते लेखक. वर्ष-दीड वर्ष लेखन करून पाहिल्यावर आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे त्याला वाटले आणि तो हार्वर्ड विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळला. (सांगण्यासारखे काही नाही म्हणणारा हा गृहस्थ पुढे आयुष्यभर लिहीत राहिला, हा भाग वेगळा.)

पाव्हलॉव्हचा कुत्रा उद्दीपकाची वाट पाहत उभा असतो. पण प्राणी एरवी काही तसे वाट पाहत उभे नसतात. ते हिंडतात, हुंगतात, उकरतात. स्किनरने विचारले, की प्राणी स्वतःहून जे करतो, त्याचे पुढे काय होते? त्याने एक पेटी बनवली. आत भुकेला उंदीर. भिंतीवर एक दांडी. उंदराचा पाय चुकून दांडीवर पडला, की खाद्याची एक गोळी खाली येते. थोड्याच वेळात उंदीर दांडी दाबण्यात गढून जातो. कबुतरांसाठी दांडीऐवजी चोचीने टोचायची चकती. पेटीबाहेर कागदाची पट्टी संथपणे सरकत असते आणि प्रत्येक दाबाबरोबर लेखणी एक पायरी वर चढते. रेषा जितकी चढी, तितका प्राणी उत्साहाने काम करतो आहे. मनाविषयी एक अक्षर न काढता वर्तनाचा आलेख डोळ्यांसमोर! ज्या परिणामामुळे एखादी कृती पुन्हा घडण्याचे प्रमाण वाढते, त्या परिणामाला स्किनरने प्रबलन म्हटले. मांजरांना खटक्याच्या पिंजऱ्यात कोंडून एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली असाच नियम मांडला होता. स्किनरने त्याला यंत्र आणि आलेख यांची जोड दिली.

त्याचे दोन महत्त्वाचे शोध अडचणीतून निघाले, आणि ती हकीकत त्याने स्वतःच मोठ्या गमतीने लिहून ठेवली आहे. एकदा गोळ्या सोडणारे यंत्र अडकले. उंदीर दांडी दाबतो आहे, गोळी येत नाही. तो आधी जोरजोराने दाबू लागला, मग थांबत थांबत, मग जवळजवळ थांबलाच. प्रबलन बंद झाले की वर्तन कसे विझत जाते, याचा आलेख आयताच हाती आला. दुसऱ्या वेळी शनिवार दुपार होती. गोळ्या हाताने वळाव्या लागत, आणि साठा पाहता तो सोमवारी सकाळीच संपणार असे दिसले. शनिवारची सुटी गोळ्या वळण्यात घालवण्याऐवजी स्किनरने ठरवले की प्रत्येक दाबाला गोळी न देता मिनिटाला एकच द्यायची. उंदीर काम सोडील असे कोणालाही वाटेल. त्याने सोडले नाही.

यातून पुढे प्रबलनाच्या वेळापत्रकांचा मोठा अभ्यास उभा राहिला. दर दहा दाबांना एक गोळी. दर दोन मिनिटांनी एक. किंवा कधी तिसऱ्या दाबाला, कधी तिसाव्या, कधी सातव्या, असा काहीच नेम नाही. शेवटचा प्रकार सर्वांत चिवट ठरला. बक्षीस केव्हा येईल याचा नेम नसेल, तर बक्षीस बंद झाल्यावरही कबुतर हजारो टोचा मारत राहते. मटक्याचा आकडा लावणारा माणूस दहा वेळा हरूनही अकराव्यांदा का लावतो, याचे याहून स्वच्छ स्पष्टीकरण मला ठाऊक नाही. हल्ली मोबाइल फोन दर दोन मिनिटांनी उचलून पाहण्याची खोड अनेकांना असते. बहुतेक वेळा त्यात काही नसते. कधी तरी निरोप असतो. तो 'कधी तरी' महत्त्वाचा!

प्रबलनाविषयी एक गोष्ट शिक्षकवर्गासाठीही सांगून ठेवतो, कारण तिचा घोटाळा प्रशिक्षण महाविद्यालयांच्या उत्तरपत्रिकांतही आढळतो. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. नकोशी गोष्ट टळल्यामुळे कृती बळावते, ते ऋण प्रबलन. दुकानात मूल गोळीसाठी भोकाड पसरते, चारचौघांत लाजून आई गोळी देते, रडणे थांबते. मुलाच्या भोकाडाला गोळीचे धन प्रबलन मिळाले, आणि आईच्या देण्याला शांततेचे ऋण प्रबलन. पुढच्या वेळी मूल अधिक लवकर रडेल आणि आई अधिक लवकर देईल. येथे कोण कोणाला शिकवतो आहे? शिक्षेबद्दल स्किनरचे मत प्रतिकूल होते. शिक्षेने वर्तन दबते, पण शिक्षा करणारा नजरेआड झाला की परत येते. आणि मुलाला काय करावे हे त्यातून कळत नाही, फक्त काय टाळावे हे कळते. बहुधा गुरुजींना टाळावे, हेच! भारतात शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली. ती मुलांच्या हक्कांसाठी. पण छडीविरुद्धचा हा दुसरा मुद्दाही जाणून घेण्यासारखा आहे.

११ नोव्हेंबर १९५३ रोजी स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात पालक म्हणून गणिताचा तास पाहायला बसला. सगळी मुले एकाच वेगाने हाकली जात होती आणि आपले उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना लगेच कळतच नव्हते. कबुतराला क्षणात उत्तर मिळते. मुलाला वही तपासून परत येईपर्यंत थांबावे लागते! त्यातून त्याने शिकवणारे यंत्र बनवले: छोटा प्रश्न, उत्तर, लगेच पडताळा, मग पुढचा छोटा प्रश्न. आपल्याकडील शिक्षक याला क्रमान्वित अध्ययन म्हणून ओळखतात. ती यंत्रे गेली, परंतु संगणकावरील बहुतेक सरावपाठ आजही याच बांधणीचे असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९७१ साली स्किनरने स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांच्या पलीकडे जाण्याची भाषा करणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि अमेरिकेत गदारोळ उडाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. माणसाच्या आत एक छोटा स्वतंत्र 'मी' बसला आहे आणि तो निर्णय घेतो, ही समजूत म्हणजे शास्त्रापूर्वीच्या काळातला अवशेष आहे. वादळ का आले हे कळत नव्हते तेव्हा आपण म्हणत असू की देव कोपला. वर्तन का घडले हे कळत नाही तेव्हा आपण म्हणतो की 'त्याची इच्छा'. खरी कारणे आनुवंशिकतेत आणि आजवर मिळालेल्या प्रबलनांच्या इतिहासात आहेत.

या पुस्तकातला प्रतिष्ठेचा मुद्दा मला सर्वांत बोचरा वाटतो. तो माझ्या उदाहरणाने सांगतो. दोन मुलगे रोज तीन तास अभ्यास करतात. एकाजवळ वडील वेताची छडी घेऊन बसतात. दुसऱ्याच्या घरी कोणीच काही म्हणत नाही. आपण शाबासकी कोणाला देतो? दुसऱ्याला. का? तर त्याच्या अभ्यासाचे कारण आपल्याला दिसत नाही म्हणून! कारणे दिसू लागली की श्रेय कमी होत जाते. त्या दुसऱ्या मुलाला लहानपणी आजोबांनी गोष्टी वाचून दाखवल्या, पहिल्याच इयत्तेत बाईंनी त्याच्या अक्षराचे कौतुक केले, हे सर्व उद्या उजेडात आले तर त्याचे श्रेय उरेल का? आणि उलट बाजूने: परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाचा सगळा पूर्वेतिहास मांडता आला, तर त्याला दोष तरी कसा द्यायचा? वर्गात उभे राहून निकालपत्रे वाटणाऱ्या माणसाला हा प्रश्न झोप लागू देत नाही.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गात एक प्रयोग करून पाहिला. मूळ प्रयोग जोएल ग्रीनस्पून याचा, १९५५ सालचा. समोरच्याने मनात येतील ते सुटे शब्द बोलत राहायचे. त्याने अनेकवचनी नाम उच्चारले, की प्रयोगकर्त्याने हलकेच होकाराचा हुंकार द्यायचा. असे केल्याने अनेकवचनी नामांचे प्रमाण वाढले, आणि असे का झाले हे बहुतेकांना सांगता आले नाही. म्हणजे आपण कोणता शब्द उच्चारतो, तोसुद्धा दुसऱ्याच्या 'हं'ने ठरतो! मी व्याकरणाऐवजी फळे घेतली. एकेकाला शिक्षकांच्या खोलीत बोलावून शब्द बोलायला लावले आणि फळाच्या नावाला 'हं' म्हणत गेलो. पहिल्या तिघांची गाडी हळूहळू आंबा, पेरू, सीताफळाकडे वळली. मी मनातल्या मनात खूश झालो. चौथी मुलगी आली. तिने सुरुवातीला दोन फळे सांगितली आणि मग काही केल्या फळाचे नाव घेईना. खिडकी, फळा, शाई, डबा, पाऊस... जणू फळे नावाची वस्तू जगात नाहीच. शेवटी मी विचारले. ती म्हणाली, "सर, फळ म्हटलं की तुम्ही 'हं' करता, हे मला कळलं होतं. म्हणून मग मी मुद्दाम फळं टाळली."

"का ग?"

"बघावं म्हटलं तुम्ही काय करता ते."

त्या दिवशी मला प्रथम जाणवले की कबुतरात आणि माझ्या विद्यार्थिनीत नेमका कुठे फरक आहे. कबुतराला नियम लागू होतो. या मुलीला नियम समजला, आणि समजल्याबरोबर तो पूर्वीसारखा लागू होईना. ही माझ्या एकटीदुकटीची गंमत नव्हे. ग्रीनस्पूननंतरच्या संशोधकांनी १९६०च्या सुमारास प्रयोगात भाग घेणाऱ्यांना अधिक बारकाईने प्रश्न विचारले, तेव्हा असे निघाले की 'हं'चा परिणाम मुख्यतः ज्यांनी मेख ओळखली होती आणि त्याप्रमाणे वागायचे मनावर घेतले होते, त्यांच्यातच दिसत होता. १९७४ साली विल्यम ब्रूअर याने अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन, प्रौढ माणसे नकळत अभिसंधित होतात याला पटण्यासारखा पुरावाच नाही, असा टोकाचा निष्कर्ष काढला. तो टोकाचा आहे, असे अनेक जण म्हणतात. भीती, किळस, खाण्याच्या सवयी यांत आपले शरीर आपल्याला न विचारता बरेच काही शिकते, चिंच आठवा. पण शब्द निवडणारा माणूस म्हणजे दांडी दाबणारा उंदीर, हे समीकरण काही टिकले नाही.

स्किनरजवळ यावरही उत्तर होते. तो म्हणाला असता: त्या मुलीला पूर्वी कधी तरी मोठ्यांची फजिती करून मजा आली असेल, तेच तिचे प्रबलन. असेलही! पण नीट पाहा. मुलीने फळे सांगितली तर प्रबलनामुळे, आणि टाळली तरीही प्रबलनामुळेच. कोणत्याही निकालाने जे स्पष्टीकरण चुकीचे ठरू शकत नाही, ते मग सांगते तरी काय? उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, असे सांगणाऱ्या हवामानखात्यासारखी ती गत होते. प्रयोगशाळेतल्या पेटीत 'प्रबलन' या शब्दाला चोख अर्थ होता, कारण गोळ्या मोजता येत होत्या. पेटीबाहेर येताच तो शब्द सैल झाला. भाषातज्ज्ञ नोम चॉम्स्की याने १९५९ साली स्किनरच्या भाषेवरील पुस्तकाचे परीक्षण करताना नेमके यावरच बोट ठेवले. मुले कधी न ऐकलेली वाक्ये बोलतात. आपल्या घरातले दोन-अडीच वर्षांचे मूल ऐका: 'बसला', 'पडला' याप्रमाणे ते 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणते. घरात कोणीही तसे म्हणत नाही, त्याला त्याबद्दल गोळी मिळत नाही. उलट ताई हसते. तरी मूल तेच म्हणते, कारण त्याने शब्द पाठ केलेला नाही, नियम हुडकला आहे.

प्राण्यांनीही स्किनरला दगा दिला. त्याचेच विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड हे पती-पत्नी जाहिराती आणि करमणुकीचे खेळ यांसाठी प्राणी शिकवण्याचा व्यवसाय करीत. १९६१ साली त्यांनी लेख लिहिला तो आपल्या फजितीचा. रॅकून नावाच्या प्राण्याला नाणे डब्यात टाकायला शिकवले. एक नाणे तो कसेबसे टाकी. दोन दिली, तर डब्यात टाकून खाऊ मिळवायचे सोडून तो कंजूष सावकारासारखी ती दोन नाणी एकमेकांवर घासत बसे. रॅकून निसर्गात आपले भक्ष्य पुढच्या पंजांनी असेच चोळतो. डुकरे लाकडी नाणी बँकेत नेण्याऐवजी नाकाने जमिनीत उकरू लागली. बक्षीस समोर होते, तरी आतला जुना स्वभाव वरचढ ठरला. १९६६ साली जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग यांनी दाखवले की उंदीर पाण्याच्या चवीची सांगड आजारपणाशी सहज घालतात आणि आवाज-प्रकाशाची विजेच्या धक्क्याशी. उलट सांगड त्यांना जवळजवळ जमत नाही. प्राणी म्हणजे कोरी पाटी नव्हे. पाटीवर काय उमटेल आणि काय नाही, याची आखणी आधीच झालेली असते.

तेव्हा स्किनर हरला आणि इच्छास्वातंत्र्य जिंकले, असे समजायचे का? घाई करू नका. वरचे आक्षेप एवढेच सांगतात की, आपल्या वागण्याची कारणे केवळ बाहेरच्या बक्षिसांत नाहीत; मेंदूत आहेत, जन्मजात घडणीत आहेत, समजुतीत आहेत. कारणे नाहीत, असे त्यांतून मुळीच निघत नाही. १९८३ साली बेंजामिन लिबेट याने प्रयोगात माणसांना मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितले, आणि हलवण्याची इच्छा झाली त्या क्षणी समोरच्या घड्याळात फिरणारा ठिपका कुठे होता, ते लक्षात ठेवायला सांगितले. इच्छेची जाणीव हालचालीपूर्वी सुमारे ०.२ सेकंद होत होती. पण मेंदूतील विद्युत्‌संकेत त्याही आधी, हालचालीपूर्वी सुमारे अर्धा सेकंद, चढू लागत होता. मेंदूने आधीच ठरवले आणि 'मी'ला मागाहून कळवले, अशी याची आवई उठली. २०१२ साली एरन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी मात्र दाखवले की, तो चढणारा संकेत म्हणजे निर्णय नसून मेंदूतल्या अनियमित चढउतारांची बेरीज असू शकेल. ती एका मर्यादेला पोहोचते तेव्हा हालचाल होते. हा वाद अद्याप चालू आहे. शिवाय मनगट केव्हा हलवायचे आणि दहावीनंतर काय करायचे, हे एकाच जातीचे निर्णय आहेत का, हाही प्रश्न आहेच.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. प्रत्येक घटनेला कारण असते, हा झाला नियतत्ववाद. 'काहीही करा, व्हायचे तेच होणार', हा दैववाद. पहिल्यातून दुसरा निघत नाही. पास होण्याला कारण लागते आणि ते कारण म्हणजे तुमचा अभ्यास. अभ्यास वगळून पास होणे नियत आहे, असे नियतत्ववाद कधीच म्हणत नाही. तसेच कारण असणे आणि सक्ती असणे यांतही फरक आहे. शिंक येते ती सकारण. तीन तास बसून गणित सोडवले तेही सकारण. परंतु 'शिंकू नकोस, बक्षीस देतो' किंवा 'शिंकलास तर का वाईट ते सांगतो' याचा शिंकेवर परिणाम होत नाही. गणिताच्या अभ्यासावर होतो. ज्या कृती कारणे समजावून दिल्याने बदलू शकतात, त्यांनाच आपण स्वतंत्र म्हणावे, असे अनेक तत्त्वज्ञांचे मत आहे, आणि मीही त्यांच्याच बाजूचा आहे. नक्कल करणाऱ्या मुलाशी मी बोलतो, कारण बोलण्याचा उपयोग होऊ शकतो. दोष द्यायचा की नाही, हा प्रश्न मला अजून पुरता सुटलेला नाही. पण बोलायचे की नाही, हा सुटला आहे.

आणि स्वतः स्किनर? तो रोज ठरावीक वेळी लिहायला बसे. मेजावरच्या दिव्याला घड्याळ जोडलेले असे. दिवा लागला की घड्याळ चालू. किती तास बसलो, किती शब्द झाले, याचा आलेख तो उंदरांच्या आलेखाप्रमाणे काढीत असे. आपले वर्तन परिस्थिती घडवते म्हणता ना, मग परिस्थितीच अशी मांडू की लिहिण्याखेरीज दुसरे सुचू नये! ऑगस्ट १९९० मध्ये त्याचे निधन झाले, तोवर तो लिहीत होता. ही मांडामांड कोण करीत होते, असे त्याला विचारले असते, तर 'माझा पूर्वेतिहास' असे त्याने शांतपणे उत्तर दिले असते. मला त्या उत्तराने समाधान होत नाही; पण माझ्या मेजावर मात्र मी तसेच घड्याळ ठेवले आहे.

करून पाहा

साहित्य: एक मित्र, एक घड्याळ, कागद-पेन्सिल.

मित्राला समोर बसवा आणि मनात येतील ते सुटे शब्द बोलायला सांगा, वाक्ये नकोत. पहिली पाच मिनिटे तुम्ही गप्प राहा. एकूण शब्द आणि त्यांतली प्राण्यांची नावे, दोन्हींसाठी कागदावर रेघा मारा. पुढची दहा मिनिटे प्रत्येक प्राण्याच्या नावानंतर हलकेच 'हं' म्हणा. इतर शब्दांना नाही. मान हलवू नका, हसू नका. शेवटची पाच मिनिटे पुन्हा गप्प. प्रत्येक पाच मिनिटांत शेकडा किती शब्द प्राण्यांचे होते, ते काढून आलेख मांडा. किमान पाच-सहा मित्रांवर प्रयोग करा, कारण एकट्यादुकट्याचा आकडा योगायोगानेही वरखाली होतो. आणखी एका मित्राला एकदाही 'हं' न म्हणता वीस मिनिटे बोलू द्या, म्हणजे तुलनेला आधार मिळेल.

सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटी. प्रत्येकाला विचारा: 'मी काय करीत होतो, ते तुझ्या लक्षात आले का? कोणत्या सुमारास आले? आल्यावर तू काय केलेस?' उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि आलेखाशेजारी चिकटवा. हा लेख त्यांना वाचायला द्या, पण प्रयोग झाल्यावर, आधी नको.